दुकानाच्या जागी कुंडी

८ जानेवारी

समन्वयक साहेब,

'चिरंजीव धाकट्यास' असं लिहायला घेतलं होतं, पण परवा तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं काही दिसलं नाही. तिथे 'सहभागी विकास भागीदारी, समन्वयक' असं छापलेलं होतं. तेही मी दुकानाच्या दारातून, चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचलं. जवळून वाचायची सोय तू ठेवली नाहीस. पालिकेची आणि कंपनीची माणसं मागे घेऊन तू गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलास. चष्मेवालीला नमस्कार केलास, चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवलास. आणि ज्या दुकानात मिसरूड फुटायच्या आधी वस्तरा धरायला शिकलास, त्या दुकानासमोरून मोबाईल कानाला लावून निघून गेलास. मोबाईलवर कोणी नव्हतं. पलीकडे कोणी बोलत असलं की माणसाची मान मधूनमधून हलते. तुझी ताठ होती.

त्या मानेवरचे केस कोण कापतो रे तुझे? डावीकडे पायरी पडली आहे. काचेच्या दारामागे, गार हवेत, तरुण पोरांकडून कापून घेत असशील. घे बापड्या.

तुमची ती प्रतिकृती मी पालिकेत जाऊन बघून आलो. काचेच्या पेटीत आपली गल्ली. इमारती पांढऱ्याशुभ्र, रस्ते इतके रुंद की पलीकडच्याला हाक मारायची तर भोंगा लागेल. बोटाएवढी प्लास्टिकची माणसं फिरताहेत, आणि एकाच्याही हातात पिशवी नाही. मी आपलं दुकान शोधलं. चष्मेवालीच्या जागी बाक आहे, चपलावाल्याच्या जागी दुसरा बाक आहे, आणि आपल्या दुकानाच्या जागी एक कुंडी. आत हिरवा स्पंज खोचलेला. बाबांनी आयुष्यभर उभं राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या त्या जागी कुंडी.

तिथे एक बाई उभ्या होत्या, पालिकेच्या. मी काहीही म्हटलं की त्या मान डोलवत होत्या. मी म्हटलं, "आमचं दुकान कुठे गेलं?" त्या डोलल्या. मी म्हटलं, "दुकानाला गाळा तिसऱ्या मजल्यावर देणार म्हणता, तिथे दाढी करायला कोण चढणार?" तरी डोलल्या. मी म्हटलं, "तुम्ही मूर्ख आहात का?" त्यालाही डोलल्या आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. भागीदारी समजावून सांगा म्हटलं तर म्हणाल्या, पालिका जागा देणार, कंपनी बांधणार, आणि रहिवासी सहकार्य देणार. म्हणजे दोघं जेवायला बसणार आणि तिसऱ्याने ताट व्हायचं.

गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांनी संमतीवर सह्या केल्या. मी केलेली नाही आणि करणार नाही, हे तुझ्या कार्यालयात सांग. मला हे दुकान इथेच, याच जमिनीवर, रस्त्याला लागून हवं आहे. बाकी मला काही नको.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. हे टेबल डुगडुगतं.

तुझा थोरला (ओळखपत्र नसलेला)


२९ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. वर दोन बोधचिन्हं, एक पालिकेचं आणि एक कंपनीचं, मधे हात मिळवलेले दोन हात, आणि त्याखाली 'आदरणीय रहिवासी'. सख्ख्या भावाला आदरणीय रहिवासी म्हणणारा तूच पहिला असशील. पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सही तरी भाऊजींची आहे का बघा. सही छापलेली निघाली.

तुमची ती लोकसहभागाची सभाही झाली. तू व्यासपीठावर होतास, मी मागच्या भिंतीला टेकून. हॉलमध्ये चार फलक लावले होते आणि प्रत्येकाला रंगीत टिकल्यांची पट्टी दिली होती. जे आवडेल त्याच्यावर टिकली चिकटवायची. फलकांवर काय होतं? एकावर बाक, दुसऱ्यावर कारंजं, तिसऱ्यावर सायकल ठेवायची जागा, चौथ्यावर दिव्याचे खांब. 'काही पाडू नका' असा फलक नव्हता. गल्लीतली शहाणी माणसं बिस्किटं खात रांगेत उभी राहून टिकल्या चिकटवत होती. इस्त्रीवाल्याने सगळ्या टिकल्या कारंज्यावर लावल्या. का रे बाबा, म्हटलं, तर म्हणाला, त्याचा रंग छान आहे. याच लोकांसाठी मी एकटा अडून बसलो आहे. मी माझी टिकली बिस्किटाच्या ताटाला लावली आणि बाहेर आलो.

बाहेर येता येता तुझं भाषण ऐकलं. "मी स्वतः एका व्यवसायी घराण्यातून आलो आहे," म्हणालास. कंपनीच्या साहेबाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं असेल तुझ्या वडिलांच्या गिरण्या होत्या. धाकट्या, न्हावी म्हण. दोन खुर्च्या, एक आरसा आणि तुरटीचा खडा, एवढंच आपलं घराणं. त्यातली दुसरी खुर्ची तू पालिकेची परीक्षा पास झालास त्या दिवसापासून रिकामी आहे. मी तिच्यावर चादर टाकून ठेवली आहे, धूळ बसू नये म्हणून. भावना वगैरे काही नाही.

सुट्टीच्या सकाळी मी तुझे केस कापायचो आणि तू माझे. न्हाव्याला स्वतःचे कापता येत नाहीत, एवढी साधी अडचण. तू गेल्यापासून तुझी वहिनी शिवणाच्या कात्रीने कापते. दिसतातही तसेच.

आता ऐक. तुझा तो कंपनीचा गुळगुळीत साहेब (त्याचं नाव मला पाठ होत नाही, चेहरा इतका गुळगुळीत की गल्लीने तेच नाव ठेवलं) माझ्या दुकानात दाढी करून घ्यायला येणार असल्याचा निरोप आला आहे. सोबत फोटोवाले. 'स्थानिक कारागिरांशी संवाद'. तुझ्याच सुपीक डोक्यातलं असणार. मी हो म्हटलं आहे. त्याने माझ्यासमोर मान मागे टाकून बसावं, हे मला बघायचं आहे.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. फरक नाही.

थोरला


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

वर्तमानपत्रात वाचलंच असशील. तरी माझ्याकडून ऐक, कारण तू ऐन वेळी कार्यालयात काम काढून आला नाहीस. माझ्या दारात उभं राहायची वेळ आली की तुला काम निघतं, हे आता माझ्या लक्षात आलं आहे.

गुळगुळीत आला. खुर्चीत बसण्याआधी रुमालाने खुर्ची पुसली. फोटोवाल्यांनी माझा आरसा झाकला, उजेड उलटा येतो म्हणून, आणि मला म्हणाले, "काका, नैसर्गिक राहा." मी फेस केला. फेस बाबांसारखा झाला, घट्ट, साईसारखा. गुळगुळीत डोळे मिटून म्हणाला, "हेच आम्हाला जपायचं आहे, ही माणुसकी." हे म्हणत असतानाच माझा वस्तरा त्याच्या हनुवटीखाली लागला. फार नाही. पण फेस पांढरा असतो, त्यात लाल चटकन दिसतं.

असा ओरडला की दारातली मांजर पळाली. तुरटी लावली तर आणखी ओरडला. अर्धी दाढी फेसात तशीच ठेवून गाडीत जाऊन बसला. सगळी गल्ली बघत होती. पहिली टाळी चष्मेवालीने वाजवली. मग सगळ्यांनी. चपलावाला म्हातारा आत येऊन म्हणाला, "असा जबाब कोणी दिला नव्हता रे." इस्त्रीवाला, तोच कारंजंवाला, माझ्या पाया पडला. संध्याकाळपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. जो तो विचारत होता, मुद्दाम केलंस ना? मी तुरटी पुसत होतो. मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. तीस वर्षांत माझ्या हातून कोणाला खरचटलं नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. तेव्हा आता लागलं म्हणजे मुद्दामच, असा त्यांचा हिशेब.

पेपरात 'वस्तऱ्याचं उत्तर' असा मथळा आला. खाली माझा फोटो, हातात वस्तरा. माझं नाक त्यात जरा मोठं दिसतं, बाकी ठीक आहे. तुझ्या साहेबाचा फोटो मागून घेतलेला आहे. मानेवर त्याच्याही पायरी आहे. एकाच ठिकाणी जाता वाटतं.

तुला कार्यालयात बोलणी बसली असतील. बसू देत.

थोरला


२० मार्च

धाकट्या,

गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांनी संमती मागे घेतली आहे. रीतसर, लेखी, पोच घेऊन. एकेक जण पालिकेत जाऊन डोलणाऱ्या बाईंसमोर कागद आपटून आला. त्या डोलल्या. सगळे मला विचारून पाऊल टाकतात. मी गल्लीचा पुढारी झालो आहे. ज्यांनी बिस्किटासाठी टिकल्या लावल्या, ते आता रोज दुपारी माझ्या दुकानात जमून मुठी आवळतात आणि माझ्या फुकटच्या वर्तमानपत्रावर तेलकट बोटं उमटवून जातात. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. उद्या कोणी त्यांना आणखी छान रंगाचं कारंजं दाखवलं तर परत जातील. पण आज ते माझ्यामागे आहेत, आणि दुकान उभं आहे, तेवढं मला पुरे.

दाढीला कोणी आलं की सांगतो, नंतर या, आज बैठक आहे. लोकही समजून घेतात. पुढाऱ्याला वेळ कुठला.

आता तुझ्या त्या चिठ्ठीबद्दल. बोधचिन्ह नाही, शिक्का नाही, साध्या कागदावर एकच ओळ. 'दादा, फोटोत तुझा डावा हात उजव्या मनगटाखाली का आहे?'

सात वर्षांनी भावाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, आणि लिहिलं काय तर हे. बरा आहेस का, नाही. वहिनी कशी आहे, नाही. सगळ्या शहराने तो फोटो बघितला, कोणाला मनगट दिसलं नाही. तुलाच बरं दिसलं. मी हात कुठे ठेवायचा ते मी ठरवीन. तुला वस्तरा धरायला मी शिकवलं आहे, तू मला शिकवू नकोस. तू तुझी कुंडी बघ, तिला पाणी घाल.

परत असलं काही लिहू नकोस.

थोरला


१४ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तुझी वहिनी लिहिते आहे. मी सांगतो, ती उतरवते. मी आरामात पाय पसरून बसलो आहे म्हणून, दुसरं कारण नाही.

(भाऊजी, दुसरं कारण आहे. ते सांगेपर्यंत मी हे पत्र पाकिटात घालणार नाही, असं त्यांना सांगितलं आहे.)

ती काय लिहिते आहे ते मला दिसत नाही. असो. कंपनीने नवा प्रस्ताव पाठवला आहे, तुला माहीत असणारच. गुळगुळीत पुन्हा येणार. या वेळी आत नाही, दुकानाबाहेर, गल्लीच्या मध्यावर, सगळ्यांसमोर खुर्ची मांडून. पुन्हा माझ्याकडून दाढी करून घेणार, विश्वास दाखवण्यासाठी. म्हणजे त्यांचं रक्त सांडलं तरी ते कसे मोठ्या मनाचे, हे सगळ्यांनी बघायचं. त्याच जागी मग ते 'पुन्हा चर्चेला' बसणार. डोलणाऱ्या बाई स्वतः निरोप घेऊन आल्या. मी नाही म्हणायच्या आत चष्मेवाली माझ्या वतीने हो म्हणून मोकळी. गल्लीला तमाशा हवा आहे. निम्म्यांना वाटतं मी साफ दाढी करून त्याला लाजवीन, आणि निम्म्यांना वाटतं या वेळी खोलवर मारीन. मी काय करीन हे कोणी विचारलं नाही.

(आता सांगा, असं मी म्हटलं. ते खिडकीबाहेर बघताहेत.)

हात थरथरतो. उजवा. गेल्या पावसाळ्यापासून. आधी चहाचा कप बशीत वाजायचा, मग किल्ली कुलपात जाईना. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं आहे त्याचं, मला ते उच्चारायचं नाही. गोळ्या आहेत. कमी होईल म्हणाल्या, जाईल असं म्हणाल्या नाहीत. टेबलाला काही झालेलं नाही, ते चांगलं भक्कम आहे. मी त्याच्या पायाखालचा पुठ्ठा काढून टाकला.

त्या माणसाला मी मुद्दाम कापलं नाही. मला कापायचं असतं तर कापता आलं नसतं, हे तुला कळेल, दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मी डाव्या हाताने मनगट धरून वस्तरा नेत होतो. तो बोलला, हनुवटी हलली, आणि मला सावरता आलं नाही. मला भीती वाटली, धाकट्या. गळ्याची शीर तिथून फार लांब नव्हती. गल्ली टाळ्या वाजवत होती आणि मी तुरटीचा खडा उचलू शकत नव्हतो. या लोकांचा मला किती तिटकारा आला ते सांगता येत नाही, आणि तरी मी त्यांना खरं सांगितलं नाही. खरं सांगितलं तर दुकानासाठी भांडायला कोण उरणार? हात नसलेल्या न्हाव्याचं दुकान वाचवायला कोण उभं राहील? मीच राहिलो नसतो.

मी तुला बोलावत नाही. तू साहेबांच्या बाजूला, छत्री धरून उभा राहशील ते मला माहीत आहे. फक्त कळवलं. कार्यक्रम सव्वीस तारखेला सकाळी आहे.

(भाऊजी, ते तुम्हाला बोलावताहेत.)

थोरला


२७ एप्रिल

धाकट्या,

काल तू तिथे होतास, तेव्हा तुला वेगळं सांगायचं कारण नाही. पण तू खुर्चीकडे बघत होतास, मी आरशात. बाहेर खुर्ची मांडली तेव्हा आरसाही बाहेर काढायला मी लावला होता, तेवढा हट्ट माझा चालला. त्यात तुझा चेहरा दिसत होता, आणि तो तुला स्वतःला दिसला नसणार. म्हणून लिहितो, हातानेच, कितीही वेळ लागो.

मी फेस केला. फेसाला थरथर चालते, उलट बरा होतो. गुळगुळीत या वेळी डोळे उघडे ठेवून बसला होता. छतांवर माणसं उभी, गॅलऱ्यांत माणसं, मोबाईल वर केलेले. मी वस्तरा उघडला आणि पात्यावर ऊन नाचायला लागलं. जवळच्या दोघाचौघांच्या डोळ्यांवर गेलं तेव्हा ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

आरशात तू पालिकेच्या माणसांत उभा होतास. त्या पात्याकडे बघितलंस आणि तुझा चेहरा तसा झाला, जसा बाबांना पहिल्यांदा धाप लागली तेव्हा झाला होता. मग तू पुढे आलास. ओळखपत्र काढून शर्टच्या खिशात टाकलंस, बाह्या वर केल्यास, माझ्या मागे येऊन उभा राहिलास आणि तळहात वर करून पुढे धरलास. गर्दीच्या दिवसांत धरायचास तसा. मी फेस करायचा आणि तू दाढी, एकाने हात पुढे करायचा आणि दुसऱ्याने मूठ त्याच्याकडे करून वस्तरा द्यायचा, बोलायचं नाही. मी दिला. तू म्हणालास, "दादा, तू गाल ताणून धर."

तुझे ते सगळे अधिकारी ऐकत होते. 'दादा' ऐकल्यावर डोलणाऱ्या बाईंची मान पहिल्यांदा थांबली.

दाढी चांगली केलीस. उलट्या फटक्याला घाई केलीस, पण इतक्या वर्षांनी ठीक आहे. गुळगुळीत हनुवटी चाचपत म्हणाला, "समन्वयक, हे कुठे शिकलात?" तू म्हणालास, "याच दुकानात. हा माझा भाऊ. आम्ही न्हावी आहोत." एवढं बोलून वस्तरा पुसलास, मिटलास, मला परत दिलास, मूठ माझ्याकडे करून, आणि त्यांच्या गाडीत बसून गेलास. आत ये म्हणायला मी तोंड उघडलं तेव्हा दार लागलं होतं. माझंही चुकलं, मी जरा लवकर उघडायला हवं होतं.

तू गेल्यावर मी गल्लीला खरं सांगितलं. खुर्चीवर हात ठेवून सांगितलं, मग हात उचलून सगळ्यांसमोर धरला. बघा, म्हटलं. तेव्हाही मी कोणाला मुद्दाम कापलं नव्हतं, हा माझा हात आहे. मग इस्त्रीवाला म्हणाला, "काका घाबरले. धमकी दिली असणार." चपलावाला म्हातारा म्हणाला, "किती रागाने हात कापतोय बघा त्याचा." चष्मेवाली, जिचा धंदाच लोकांना नीट दिसावं म्हणून आहे, तिने डोळे पुसले आणि घोषणा दिली. मी खरं बोललो तर ते माझ्याच नावाने आणखी चिडले. असल्या लोकांचं काय करायचं ते तू सांग. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

तुझ्याबद्दल मात्र ते म्हणतात की तू विकला गेलेला भाऊ, साहेबाची दाढी करायला धावलास. मी दोघांना दुकानातून हाकललं. उरलेले आपणहून गेले.

थोरला


११ जून

चिरंजीव धाकट्यास,

दुकान राहिलं. तुला आधीच कळलं असेल, तरी माझ्याकडून घे. नवा आराखडा पालिकेत लावला आहे. आपल्या रांगेतली सगळी दुकानं जागच्या जागी. गल्ली म्हणते वस्तऱ्याने वाचवलं. कंपनी म्हणते आम्ही परंपरा जपली. पालिका म्हणते भागीदारी यशस्वी. तिघंही एकमेकांना हार घालत होते. खरी गोष्ट एवढीच की आपल्या दोघा भावांचा फोटो लोकांना आवडला, आणि गुळगुळीतला तो सगळीकडे लावायचा आहे. दुकानच पाडलं तर फोटो कशाचा लावणार? कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या कुंपणावर आपण दोघं आहोत, पहिल्या मजल्याएवढे. माझं नाक आता खरोखरच मोठं आहे. खाली लिहिलं आहे, 'हात मिळवू, परिसर घडवू'. माझ्याच हाताबद्दल.

कुंडी त्यांनी आणलीच. दुकानासमोर फूटपाथवर ठेवली, सिमेंटची, गाडीच्या चाकाएवढी. मी तिच्यात दाढीचं पाणी ओततो. आतलं झाड मरत नाही, निर्लज्ज आहे.

पाणी कोणाच्या दाढीचं ते विचारशील. केसांना कोणी आलं तर मशीन चालवतो, लहान मुलांचे गोटे करतो, तेवढं हाताला जमतं. दाढीचं गिऱ्हाईक फेसापर्यंत नेतो. पुढे चष्मेवालीचा भाचा, जो नुकताच माझ्याकडे कामाला लागला आहे, वस्तरा चालवून बघतो, आणि गिऱ्हाईक गालावर तुरटी लावून घेऊन परत न येण्याच्या बोलीवर जातं. एवढं भांडून दुकान राहिलं, आणि त्यात उभं राहायला माणूस नाही. सगळ्यांना तुच्छ लेखत आलो ना, त्यात मलाही धरायला हरकत नाही आता.

आज डोलणाऱ्या बाई आल्या होत्या. कामासाठी नाही, नवऱ्याला घेऊन, त्याचे केस कापायला. खुर्चीमागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या की तुला काढलं. समन्वयकाचं स्वतःचं कोणी योजनेत असता कामा नये असा नियम आहे, आणि तू रुजू होताना लिहून दिलं होतंस की इथे तुझं कोणी नाही. त्या दिवशी तू वस्तरा घेतला नसतास तर कधी कोणाला कळलं नसतं, म्हणाल्या. मी त्यांच्या नवऱ्याचे केस तसेच अर्धवट सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या त्यालाही डोलल्या असतील.

इथे तुझं कोणी नाही असं लिहून दिलंस, याचा मला फार राग आला. जानेवारीत कळलं असतं तर तुझ्या कार्यालयात येऊन तुझा अपमान केला असता. मग लक्षात आलं की मोबाईल कानाला लावून माझ्या दारावरून गेलास ते त्या एका ओळीसाठी. आणि ती ओळ जिच्यासाठी लिहिली होतीस, ती समन्वयकाची खुर्ची सगळ्यांसमोर सोडलीस, ते माझ्या मनगटासाठी. मला हे सहन होत नाही आणि चांगलंही वाटतं. असं दोन्ही एकदम वाटायची मला सवय नाही.

तुझी वहिनी विचारते, भाऊजी आता काय करणार? मी म्हटलं मला काय माहीत, त्यालाच विचार. ती म्हणाली, तुम्हीच विचारा.

तर विचारतो. दुसऱ्या खुर्चीवरची चादर काढली आहे. खुर्ची पुसली, चाकाला तेल घातलं, वर-खाली होते पूर्वीसारखी. माझे केस कॉलरच्या खाली गेले आहेत, आणि तुझ्या वहिनीने शिवणाची कात्री लपवून ठेवली आहे, आता मी नाही कापणार म्हणते. मी कोणापुढे मान वाकवलेली नाही, हे तू आणि सगळी गल्ली जाणता. रविवारी सकाळी दुकान बंद असतं. मागच्या दाराने ये, किल्ली फिरवायला मला वेळ लागतो, तेवढा थांब. मी आरशासमोर बसून मान खाली घालीन, तू कात्री चालव. आणि मग मी तुझ्या मानेवरची ती पायरी मशीनने काढून देईन, तेवढं मला येतं.

दादा